हाकलण्याची तालीम

काका कोणाच्याही कॉम्प्युटरमध्ये शिरण्याआधी पायातल्या चपला काढून ठेवत. हे मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई गं, भलत्याच ठिकाणी आलीस. तळवड्यात बेअरिंगच्या दुकानावरच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. तिथे साठीकडे झुकलेला एक माणूस कानाला फोन लावून म्हणत होता, "दारात उभा आहे, येऊ का?" पलीकडून कोणीतरी 'या' म्हणालं. मग त्यांनी टेबलाखाली चपला सरकवल्या, हात रुमालाला पुसले आणि माउसला हात लावला. ज्या कॉम्प्युटरचं काम होतं तो तिकडे चाकणच्या एका कारखान्यात होता.

"काका, आपण काही तिथे जाणार नाही आहोत," मी म्हटलं.

"मग तिकडच्या स्क्रीनवर बाण कोणाचा फिरतोय?" त्यांनी विचारलं. पुढच्या वर्षभरात अशा बिनउत्तराच्या प्रश्नांची माझ्याकडे बरीच मोठी रास झाली.

आमचा धंदा तसा साधा. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो. कुठे बिलाचा प्रिंट निघत नाही, कुठे हजेरीचं मशीन रुसतं, कुठे कोणीतरी नको तिथे बोट लावून ठेवतं. पूर्वी काका प्रत्येक ठिकाणी स्कूटरवरून जात. पण चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये माणसाचं निम्मं आयुष्य जातं, म्हणून मग रिमोटचं टूल आलं. त्याने पलीकडचा स्क्रीन आपल्यासमोर येतो आणि आपल्या माउसने तिकडचं काम होतं. बाकीच्यांना ही सोय वाटायची. काकांना मात्र ती दुसऱ्याच्या घराची किल्ली वाटायची, आणि किल्ली हातात आली की ते अस्वस्थ होत.

एका मोठ्या कंपनीत मेंटेनन्स खात्यात आयुष्य घालवून, व्हीआरएस घेऊन ते या धंद्यात पडले होते. सगळ्यांना अहो-जाहो करत. मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान, परभणीहून डिप्लोमा करून आलेली, तरी मी 'बाईसाहेब'. चहावाला 'आपण'. एवढंच काय, कॉम्प्युटरबद्दलही ते आदराने बोलत. कोणी फोनवर "हा डबा हँग झालाय" म्हटलं की काकांच्या कपाळाला आठी पडे. "हँग नाही झालेले, विचारात पडलेत. जरा वेळ द्या त्यांना," असं ते म्हणत आणि खरोखर वेळ देत. आता ते नाशिकला लेकीकडे राहतात. धंदा माझ्या गळ्यात घालून मोकळे झालेत, आणि सुखात आहेत.

मला त्यांचा सगळ्यात जास्त राग यायचा तो रविवारी. कारखान्यांना सुट्टी, कॉम्प्युटर मोकळे, म्हणजे आमच्या कामाला उत्तम दिवस. टूलमध्ये सोय असते की पलीकडे कोणी नसलं तरी आपण पासवर्ड टाकून आत जावं आणि काम उरकावं. सगळं जग तसंच करतं. काका करू देत नसत. पलीकडे कोणीतरी माणूस बसलेला पाहिजे, त्याने 'हो' दाबलं पाहिजे, मगच आत जायचं. एका रविवारी एवढ्या 'हो'साठी भोसरीच्या एका सुपरवायझरला जेवणावरून उठून कारखान्यात यावं लागलं. येताना तो शिव्या देत आला असणार, कारण फोनवर त्याचा श्वास तसा येत होता.

मी चिडले. "काका, आपण काय चोर आहोत का?"

"नाही ना," ते म्हणाले. "म्हणूनच विचारायचं. चोर कशाला विचारतील?"

या विचारण्याचीच दुसरी बाजू म्हणजे त्यांची तालीम. कुठलाही नवा कारखाना आमच्याकडे आला की काका पहिल्या दिवशी त्याचं काहीच काम करत नसत. त्या दिवशी ते फक्त स्वतःला हाकलून घेत. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला ते फोनवरून सांगत, "मी आत आलोय. आता मला घालवा." वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं की आम्ही बाहेर. मग पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आणि शेवटी एक धडा असे: "स्क्रीनवर नाव माझं दिसलं तरी भुलायचं नाही. नाव कोणीही लावतं. आधी माझा फोन आला पाहिजे, आवाज ओळखला पाहिजे, मी 'येऊ का' म्हटलं पाहिजे. नसेल तर सरळ नाही म्हणायचं, मग समोर कोणी का असेना."

लोकांना हे जड जाई. नांदेडकडचे एक फोरमन होते, फाऊंड्रीत. फार सज्जन. त्यांना वडीलधाऱ्या माणसाला हाकलणं जमेचना. "काका, तुमाला कसं घालवू हो मी? बसा की निवांत," असं म्हणत राहिले. काकाही हट्टाला पेटले. त्यांच्या स्क्रीनवर बाण गोल गोल फिरवत बसले, जणू चहाच ढवळतायत. अखेर फोरमननी "माफी असावी बरं का" म्हणत बटण दाबलं आणि काकांनी इकडे टाळी वाजवली. याउलट देहूरोडला ट्रान्सपोर्टचं ऑफिस चालवणारे एक निवृत्त सुभेदार. त्यांनी काकांना इतक्या मनापासून हाकललं की त्या दिवशी परत आत घेतलंच नाही. काका दिवसभर खुशीत होते. मी म्हटलं, काम राहिलं त्यांचं. ते म्हणाले, "काम काय, उद्या होईल. पण माणूस तयार आहे हो!"

मग ते टूल बदलायचं प्रकरण आलं. आम्ही फुकटातलं टूल वापरत होतो, त्याच्या कंपनीला एक दिवस साक्षात्कार झाला की हे लोक धंदा करतात, आणि ते मधेच बंद पडायला लागलं. ऐन कामात पडदा पडायचा. नवं टूल निवडणं भाग होतं. मी दोन दिवसांत काम होईल असं धरून चालले. सगळ्यांची वैशिष्ट्यं आडवी-उभी मांडून काकांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "ही सगळी मुलाकडची बाजू झाली, बाईसाहेब. मुलीकडचं काय?"

तेव्हापासून आमच्या ऑफिसात आम्ही टूलला 'स्थळ' म्हणायला लागलो. एक स्थळ दिसायला देखणं, पण चाकणला पत्रा ठोकणारे मोठे प्रेस सुरू झाले की वीज खालीवर होते आणि नेट लंगडतं, त्यात ते धाप टाकायचं. दुसरं गुणी होतं, पण एकदा घरात शिरलं की काम संपल्यावरही कोपऱ्यात काहीतरी ठेवून जायचं. "पाहुणा गेला, पिशवी राहिली. पिशवीसाठी परत येणार म्हणजे," काका म्हणाले आणि त्याला नकार कळवला. तिसऱ्याच्या विक्रेत्याने आम्हाला ऑनलाइन डेमो दिला. तो भाबडा तासभर हिंदी-इंग्रजीत सांगत होता की आमचं टूल किती चटकन आत जातं. काकांनी शांतपणे ऐकून विचारलं, "अंदर जाना समझ गया. सामनेवाला हमें बाहर कैसे निकालेगा, वो दिखाइये." विक्रेत्याला वाटलं हे आत्ताच करार मोडायचं विचारतायत. तो घाबरून सवलत द्यायला लागला.

अखेर एक टूल आम्हा दोघांच्या पसंतीस उतरलं. विनंती आली की पलीकडे मोठा चौकोन उघडायचा, त्यात हिरवं आणि लाल बटण, आणि लाल बटण हिरव्यापेक्षा जरासं मोठं. काकांनी त्या लाल बटणाकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी लग्नाळू मुलांच्या आयांच्या डोळ्यांत पाहिलेली आहे.

पण घेण्याआधी ते शेलार मावशींच्या पसंतीस उतरायला हवं होतं. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मावशी डिस्पॅचला होत्या. माल भरलेल्या गाडीचं बिल आणि ई-वे बिल काढायचं, त्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही. जवळच्याच गावातल्या. तरुणपणी तिथेच पॅकिंगला लागल्या. दिवसभर उभं राहून खोकी भरता भरता त्यांची पाठ गेली, तेव्हा थोरल्या मालकांनी त्यांना डिस्पॅचच्या खुर्चीवर बसवलं. कॉम्प्युटर शिकल्या त्या काकांकडे, फोनवरून. हळू शिकल्या, पण एकदा शिकलेलं कधी सोडलं नाही. कुठलंही टूल काका आधी त्यांच्याकडे लावत. त्यांनी प्रेसच्या धडधडाटात "व्हय, कळलं. सोपं हाय," म्हटलं की ते पास. हेही झालं.

तो कारखाना आमचा सगळ्यात मोठा ग्राहक. मालकांचं मुख्य ऑफिस चिंचवडला. थोरले मालक आता मागे बसत आणि धाकटे मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, कारभार बघत. मुलगा वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्याने आम्हाला बोलावून सांगितलं, "काका, नवीन टूल घेताच आहात तर न विचारता आत जाणारं घ्या. डिस्पॅचची बिलं इथूनच काढू. चाकणला त्या खुर्चीवर माणूस कशाला पाहिजे?"

"आणि शेलार मावशी?" मी न राहवून विचारलं.

"त्यांना काढत नाहीये हो. पॅकिंगला जातील परत."

पॅकिंगला परत, म्हणजे दिवसभर उभ्याने. काका एवढंच म्हणाले, "दोन्ही प्रकारची टूल्स दाखवतो. विचारणारं आणि न विचारणारं. तुम्ही बघा आणि ठरवा." बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर भडकले. न विचारणारं दाखवायचंच कशाला, ते चालत नाही म्हणून ठोकून द्यायचं. "चालतं ना ते. चांगलं चालतं," काका म्हणाले. "खोटं बोलून मावशींची खुर्ची किती दिवस राखणार?" मावशींनाही त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "उभ्यानं न्हाई व्हायचं आता काका माझ्याच्यानं. पण तुमी तुमचं काम करा."

डेमोच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून चिंचवडला आले. थोरले मालकही येऊन बसले होते. कोणाच्या केबिनमध्ये जाताना काका फोन बंद करून खिशात ठेवत, तसा त्यांनी ठेवला. चाकणला खरीच गाडी भरून गेटवर उभी होती आणि बिलाचा प्रिंट अर्धाच निघत होता, म्हणजे डेमोला कामही खरंच होतं. धाकटे मालक घड्याळाकडे बघत म्हणाले, "करा सुरू. गाडी थांबलीय."

काकांनी टेबलाखाली चपला सरकवल्या आणि मावशींच्या कॉम्प्युटरला विनंती पाठवली. स्क्रीनवर उत्तर आलं: नाकारली.

"चुकून दाबलं असेल," काका म्हणाले. पुन्हा पाठवली. नाकारली. तिसऱ्यांदा पाठवली. मला वाटलं मावशी घाबरल्या, लाल-हिरवं विसरल्या, आणि तेही नेमकं आजच. तिसरीही नाकारली.

"हेच म्हणत होतो मी," धाकटे मालक वडिलांकडे वळले. "गाडी उभी आहे, आणि आपलीच बाई आपल्याच माणसाला आत घेत नाही. बघताय ना?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. मावशींचाच. धाकटे मालक म्हणाले, "स्पीकरवर घ्या."

"ताई, काकांचा फोन बंद लागतोय," मावशींचा आवाज चढलेला होता. मागे प्रेस धडधडत होते. "हितं कोनतरी त्यांचं नाव लावून आत घुसायला बघतंय. तीनदा आला. मी तिन्ही येळंला हाकलला. गाडी हुबी हाय, पर मी काय त्येला आत घेत न्हाई. काका कधीच इचारल्याबिगर येत न्हाईत. तू काकांना सांग, त्यांच्या नावावर कोनतरी फिरतंय!"

मला तेव्हा कुठे उलगडलं. फोन बंद होता आणि समोर मालकांची घाई होती. काका उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दारात 'येऊ का' म्हणायला विसरले होते. ते विसरतील ही कल्पना मला शिवली नव्हती, आणि मावशींनाही शिवली नव्हती.

काका खुर्चीवरून उठले. फोनकडे तोंड करून, हात जोडल्यासारखे उभे राहिले. "मावशी, मीच होतो. फोन करायचा राहिला. चुकलं माझं."

"तुमी व्हय?" मावशी म्हणाल्या. "मग आदी बोलायचं न्हाई का? माजा जीव गेला की हितं!"

"येऊ का?"

"या आता."

थोरले मालक इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकांनी प्रिंट सरळ केला, गाडी सुटली. मग कबूल केल्याप्रमाणे त्यांनी दुसरं टूलही दाखवलं, न विचारणारं. ते झटकन आत गेलं. खरंच चांगलं चालत होतं. धाकटे मालक त्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, "यात समजा कोणी भलताच आला, तुमच्या नावाने, तर?"

"तर येतील, बसतील," काका म्हणाले. "फक्त चहा मागणार नाहीत."

"पासवर्ड असतो ना पण."

"असतो. कुठे ठेवायचा तो?"

धाकट्या मालकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर स्वतःच्या मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर गेली. ती त्यांनी हळूच काढून खिशात घातली. "बघतो, कळवतो," एवढंच म्हणाले.

खाली पार्किंगमध्ये काका स्कूटरवर बसले, पण किक मारेनात. मला वाटलं फजितीचं वाईट वाटलं असेल. "जाऊ दे काका, होतं असं," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तर डोळे भरलेले आणि चेहरा नुसता फुललेला. "मला हाकललं हो," ते म्हणाले. "गाडी उभी असताना. मालकांची गाडी! तीन वेळा!" पोराचा नंबर आला की बाप गल्लीभर सांगत सुटतो, तसं ते थेट तळवड्यापर्यंत मला हेच सांगत आले. त्या संध्याकाळी हा माणूस मला फार आवडला. तोवर मी त्यांची नोकरी करत होते, त्यानंतर त्यांचं काम करायला लागले.

पण चिंचवडहून काही कळेना. दिवस गेले, आठवडे गेले. मी रोज म्हणायची, फोन करून विचारू या. काका म्हणायचे, "त्यांच्या घरातला निर्णय आहे. आपण दारातच बरे." ते शांत असल्यासारखे दिसत, पण फोन वाजला की हातातला चहाचा कप आधी खाली ठेवत. मावशी बिलं काढत होत्या, अडलं की विचारत होत्या, खुर्चीचं नाव काढत नव्हत्या.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. काकांनी कप खाली ठेवला, ऐकलं, आणि फोन माझ्याकडे दिला. स्वतः गॅलरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"काय झालं मावशी?" मी घाबरतच विचारलं.

"आगं, धाकल्या मालकांनी नवी खुर्ची धाडलीय. चाकाची, मागं पाठीला उंच टेका असलेली. सवता फोन करून म्हनले, मावशी, हितंच बसायचं. आनि इचारल्याबिगर कुनालाबी आत घ्यायचं न्हाई, मलासुदिक." मागे प्रेस धडधडत होते, पण मावशींचा आवाज आज त्यावर चढत नव्हता. त्या सावकाश बोलत होत्या. "गेल्या किती वर्सांत अशी टेकले नव्हते बाई. बोल की तू. घाई न्हाई मला, बसलेय."